याडीची बोली गेली ते दिवस

हृदयात नळी घालून तपासणी करायची आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘यातून उठेन ना?’ मीही तोच विचारला होता. उठलो. पुढच्या वर्षी झडपेचं ऑपरेशनही पार पडलं. आज पुसदच्या शाळेत मी मुद्दाम वरच्या मजल्यावरचा वर्ग मागून घेतला आहे, आणि जिन्यात कोणी बघत असेल तर एखादी पायरी गाळूनही चढतो. तेव्हा वाचणाऱ्याने माझी काळजी करू नये.

लिहायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. फोटोत हृदय नीट दिसावं म्हणून नळीतून एक औषध सोडतात. तिथे सगळे त्याला डाय म्हणत. या डायने क्वचित एखाद्याचा मेंदू काही काळ गडबडतो. कोणाची नजर जाते, कोणाला झटके येतात, कोणी घरच्या माणसाला ओळखत नाही. मला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणाऱ्यांनाही तेव्हा फारसं ठाऊक नसावं. माझं जे गेलं ते तर डॉक्टरांच्या लक्षातच आलं नाही. ते माझ्या आईच्या लक्षात आलं आणि तिने त्याचा भलताच अर्थ लावला.

झडप

आमचा तांडा फुलसावंगीच्या अलीकडे, नाल्याच्या काठाला. आम्ही गोरमाटी, लोक आम्हाला बंजारा म्हणतात. पणजोबांपर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला, आजोबांनी बैल नांगराला जुंपले. घरात आमची गोरबोली, बाहेर मराठी. मी मराठी शाळेत शिकलो आणि असा शिकलो की तांड्यातला पहिला मास्तर झालो. माझं मराठी इतकं चोख की नवीन आलेले शिक्षक मला पुण्याकडचा समजायचे. मी त्यांचा समज कधी दुरुस्त केला नाही.

लहानपणी एकदा सांधे सुजून ताप आला होता. याडीने, म्हणजे आईने, पाला बांधला, शेक दिला, महिनाभराने मी हिंडू लागलो. सगळे विसरले, हृदय विसरलं नाही. सत्ताविसाव्या वर्षी वर्गात धडा वाचताना मला दर ओळीला थांबावं लागू लागलं. पोरांना वाटलं, मास्तर अर्थ लागावा म्हणून थांबतात. मलाही तेच सांगायला बरं वाटायचं. मग एक दिवस खोकल्याबरोबर रुमालावर तांबूस फेस आला.

पुसदच्या डॉक्टरांनी छातीला ठोके ऐकायची नळी लावली आणि बराच वेळ काढली नाही. लहानपणी सांधे सुजले होते का, एवढंच विचारलं. हो म्हटलं. ते म्हणाले, हृदयाची एक झडप आवळली आहे, दुसरीही गळत असावी, मुंबईला जाऊन बघून घ्या. लोक म्हणतात अशा वेळी पायाखालची जमीन सरकते. मला राग आला. विडी नाही, दारू नाही, पहाटे उठून फिरणारा माणूस मी. हा आजार एखाद्या गलथान माणसाला व्हायला हवा होता, असं मी डॉक्टरांना बोलूनही दाखवलं. भीती घरी गेल्यावर वाटली, सायकलवर टांग टाकता येईना तेव्हा.

मुंबईला थोरला भाऊ परसराम येणार हे ठरलं. बायको कमल लहानग्यामुळे अडकली. याडीला कोणी विचारलंच नव्हतं. निघायच्या सकाळी ती फेटिया-काचळी, म्हणजे आमच्या बायकांचा घागरा-चोळी, घालून, डोक्यावर बोचकं घेऊन मोटारस्टँडवर उभी होती. ती आमच्या आधी पोहोचली होती, कशी ते अजून कळलेलं नाही. अकोल्यापर्यंत मोटार, पुढे आगगाडी. त्या प्रवासात मी तिच्याशी चार शब्दही बोललो नाही. दम लागत होता हे खरं, पण तेच एक कारण नव्हतं.

टेबलावर

इस्पितळाचा दिवस सहाला सुरू व्हायचा. थर्मामीटर, नाडी, मग ॲल्युमिनियमच्या मगातून चहा. चहा असा पातळ की मगाचा तळ दिसे. नातेवाईक वऱ्हांड्यात, भेटीची वेळ चार ते सहा. आमच्या वॉर्डात चोवीस खाटा होत्या आणि प्रत्येक खाटेवरच्या माणसाला आपलाच आजार सगळ्यात मोठा वाटत होता. माझ्या शेजारी मंत्रालयातले एक कारकून होते. ते मला आदराने ‘सर’ म्हणत. मला ते आवडायचं.

तपासणीची ज्यांना भीती वाटते त्यांना सांगतो, दुखत फार नाही. खोली अंधारी, डॉक्टरांच्या अंगावर जड शिशाचे अंगरखे. कोपराच्या आत बधिर करून छेद घेतात आणि तिथून बारीक नळी सरकवत नेतात. नळी आत जाताना कळत नाही, मधूनच हृदय एक ठोका चुकवतं तेवढंच. मग डॉक्टर म्हणाले, “आता गरम वाटेल, हलू नका.” गरम वाटलं म्हणजे काय, कानशिलापासून खालपर्यंत कोणी कढत पाण्याची घागर ओतली. मी दहापर्यंत मोजायचं ठरवलं होतं. चारला समोरचा दिवा गेला.

दिवा जागेवर होता, गेली होती माझी नजर. मी ओरडलो नाही, हे सांगताना आजही मला थोडा गर्व वाटतो. मी शांतपणे म्हणालो, “डॉक्टर, मला दिसत नाही.” त्यानंतर खोलीत जी धावपळ झाली ती मी फक्त ऐकली. उलटी झाली, डोकं फुटेल असं दुखलं. वॉर्डात आणून ठेवलं. दुपारी तीनच्या सुमाराला खिडकीचा उजेड दिसू लागला, मग खिडकी दिसली, मग सिस्टरची पांढरी टोपी. मोठे डॉक्टर आले. नाव, गाव, धंदा विचारला, हात उचलायला लावले, बोटं मोजायला लावली. मी बोटं मोजून दाखवली आणि वर न विचारता पावकी-निमकी म्हणून दाखवली. डॉक्टर हसले, मेंदू शाबूत आहे म्हणाले. तसं त्यांनी कागदावर लिहिलंही.

चार वाजता भेटीची घंटा झाली.

चार वाजता

याडी आली. वॉर्डातल्या माना वळल्या, त्या वळायच्याच. आरशांची काचळी आणि घेरदार फेटिया घातलेली बाई त्यांनी पाहिलेली नव्हती. ती थेट खाटेपाशी आली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली.

मला कळलं नाही.

आवाज याडीचाच होता. त्यातले चढउतार ओळखीचे होते, कुठे ती थांबेल आणि कुठे सूर लांबवेल हेही मला आधी कळत होतं. पण अर्थ काही लागेना. भिंतीपलीकडे घरचीच माणसं बोलत असावीत, तसं. मला वाटलं, ग्लानी आहे, ती हळू बोलते आहे. मी म्हणालो, “काय म्हणतेस? जरा नीट बोल.”

मराठीत म्हणालो. माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.

ती पुन्हा म्हणाली, यावेळी सावकाश, एकेक शब्द सोडून. मी मान हलवली. शेजारचे कारकून मदतीला आले. ते मला म्हणाले, “सर, बाई तुमच्या ओळखीच्या आहेत का?” याडीला मराठी धड बोलता येत नसे, पण बाजारापुरतं कळायचं. तिचा हात माझ्या गालावरून निघाला. तिने बोचक्यातला डबा खाटेखाली ठेवला आणि ती वऱ्हांड्यात जाऊन बसली.

परसराम आत आला तेव्हा संतापला होता. तो माझ्याशी गोरबोलीत बोलला, मी नुसता बघत राहिलो. मग तो वऱ्हाडीवर आला. “काहून असा करून राह्यला बे? याडी तिकडं तोंड फिरवून बसली हाय.”

मी त्याला सांगितलं, मला तुमचं बोलणं समजत नाही, औषधाने काहीतरी झालं आहे. तो बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, “याडी म्हणते, हे शाळेतल्यावानीच हाय. म्हंजे काय रे?”

त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

शाळेतलं

हे लिहायला जड जातं, पण याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. मी नुकताच कायम झालो होतो. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक व्हरांड्यात बसलो होतो, मुख्याध्यापकही होते. फाटकातून याडी आली. तांड्यावरून पायी आणि मग कोणाच्या तरी बैलगाडीने, चारोळ्यांची पुरचुंडी आणि तुपाचं भांडं घेऊन. ती हसत हसत आपल्या बोलीत काही म्हणाली. तेव्हा मला त्याचा शब्दन्शब्द कळला होता. पोरा, किती वाळलास, असं ती म्हणाली होती.

मुख्याध्यापकांनी विचारलं, या कोण? मी म्हणालो, आमच्या गावाकडची बाई आहे, मजुरीला असते. आणि तिच्याकडे वळून मराठीत म्हणालो, “मला समजत नाही बाई तुमचं.”

तिने वस्तू पायरीवर ठेवल्या आणि गेली. त्यानंतर मुंबईला निघायच्या सकाळपर्यंत ती पुसदला कधी आली नाही. मी तांड्यावर गेलो की जेवायला वाढायची, बोलायची, पण त्या दिवसाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. मीही नाही. तीन वर्षं मी मनाला सांगत आलो की ती विसरली असेल.

आता वॉर्डभर माणसांसमोर मी तिला तेच वाक्य पुन्हा ऐकवलं होतं. आणि या खेपेला ते खरं होतं.

मास्तर, चहा पायजे का

मी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, मराठी येतं? हिंदी? थोडं इंग्रजी? सगळं येत होतं. मग म्हणाले, थकवा आहे, मनावर ताण आहे, येईल परत. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमची बोली न येणारा मी एकटाच नव्हतो, त्या वॉर्डात ती कोणालाच येत नव्हती. मग तपासणार कोण?

विश्वास ठेवला तो एका केरळच्या सिस्टरने. तिची बोलीही तिथे कोणाला कळत नसे. ती माझी नाडी धरून उभी होती, मी तिला सगळं सांगितलं. तिने मोजणं अर्धवट सोडलं. म्हणाली, “माँ को बोलो, रोज़ पास बैठके बात करे। समझो, न समझो, सुनते रहो।” आणि मग पहिल्यापासून नाडी मोजली. त्या तीन आठवड्यांत मला मिळालेलं सगळ्यात कामाचं औषध ते होतं, फक्त ते देणारं माणूस रुसून बसलं होतं.

कारण याडी आता माझ्याशी गोरबोलीत बोलेचना. मला मराठीच हवं ना, मग मराठी घे. फुलसावंगीच्या बाजारात दुकानदारांशी बोलायची ते तुटकं वऱ्हाडी तिने माझ्यासाठी काढलं. रोज चारच्या ठोक्याला यायची, खाटेपासून हातभर अंतरावर उभी राहायची आणि विचारायची, “मास्तर, चहा पायजे का तुमाले?”

मला जन्म देणारी बाई मला अहो-जाहो करत होती. एकदा मी तिचा हात धरला आणि म्हणालो, याडी, देवाशपथ मला कळत नाही. तिने हात सोडवून घेतला. रागाने नाही, दुकानदाराच्या हातून सुटे पैसे घ्यावेत इतक्या शांतपणे. त्या दिवशी मी रडलो. शेजारचे कारकून भले, त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि माझं आटपेपर्यंत खाली केलं नाही.

तपासणीचा निकाल मात्र चांगला लागला. दुसरी झडप ठीक होती, पहिलीचं ऑपरेशन होण्याजोगं होतं. वर्षभराने या, तोवर ताकद भरून काढा, असं सांगून त्यांनी घरी सोडलं. परसरामने पेढे आणले. मी एक खाल्ला, मला तो गोड लागला नाही.

नायकाची युक्ती

तांड्यावर आलो. कमलही पोराला घेऊन तिथेच राहायला आली. पुसदला घरात मराठीच बोलायचं हा माझा नियम, त्यामुळे ती माझ्याशी मराठी बोलायची, तिचं अडत नव्हतं. बाकी तांडा माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होता. कोणी म्हणे बाहेरची बाधा, कोणी म्हणे मुंबईचं वारं लागलं. मी अंगणात बसलो की पोरं जमायची, गोरबोलीत काहीतरी विचारायची आणि मी गप्प राहिलो की पळत सुटायची.

कमलला मी शाळेतली गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतली. मग म्हणाली, “मंग सांगून टाका ना, का तो आजार तवाच लागला होता. तवाबी असंच झालतं म्हना. कोन पाह्यला येते?”

मला ते पटलं, आणि पटलं याचीच लाज वाटली. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवलं. पण सांगून उपयोग काय, याडीचा तर आताच्याच आजारावर विश्वास नव्हता.

तिनेच शेवटी प्रकरण नायकापुढे नेलं. आमच्यात तांड्याचा निवाडा नायक करतो. आमचे नायक सत्तरीचे, कमी बोलणारे, माझ्या वडिलांचे जिवलग. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. माणसं चिंचेखाली जमली, याडी बायकांत बसली. मला मध्ये घोंगडीवर बसवलं. नायक माझ्यासमोर बसले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि गोरबोलीत बोलू लागले. आवाज मऊ. मधूनच आभाळाकडे बोट. माझ्या वडिलांचं नाव दोनदा आलं, नाव तेवढं मला कळलं.

वडिलांची आठवण काढताहेत, हे उघड होतं. मी हात जोडले. डोळेही थोडे भरले. हसून मराठीत म्हणालो, “खरं आहे नायक. तुम्ही त्यांना सगळ्यात जवळून ओळखत होता.”

चिंचेखाली कोणी हलेना. परसराम पायाकडे बघत होता. मला वाटलं, सगळ्यांना गहिवरून आलं.

नायक काय बोलले ते मला परसरामने नंतर सांगितलं. माझे वडील चोर होते, रात्री दुसऱ्यांच्या गोठ्यातली वासरं सोडून कसायाला विकायचे, आणि मेले तेव्हा तांड्याने सुटकेचा निःश्वास सोडला, असं ते बोलले होते. एकही अक्षर खरं नव्हतं. हे ऐकून हात जोडणारा, हसून ‘खरं आहे’ म्हणणारा मुलगा आमच्या तांड्यात जन्माला आलेला नाही. सोंग करणाऱ्याचा चेहरा कुठे ना कुठे पालटलाच असता.

पहिली हलली ती याडी. ती बायकांतून उठली आणि सरळ नायकाच्या अंगावर गेली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण सत्तर वर्षांच्या माणसाने ते खाली मान घालून ऐकलं. तिचं बोलून झाल्यावर त्यांनी डोक्याचं पागोटं काढून तिच्या पायाशी ठेवलं. गेलेल्या माणसाला बोल लावल्याचा दंड त्यांनी स्वतःलाच केला आणि सगळ्या तांड्याला गूळ वाटला. मी माझा खडा तोंडात टाकला. काय चाललंय ते मला अजून कळलं नव्हतं.

मग याडी माझ्याजवळ येऊन बसली. घोंगडीवर, अगदी खेटून. माझं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि बोलत सुटली, रडत आणि बोलत, अखंड, तिच्याच बोलीत. मला एक शब्द समजला नाही आणि मी तासभर ऐकत राहिलो.

पहिला शब्द

त्या दिवसापासून याडीने मला हाताशी घेतलं. तिने मला एकदा बोलायला शिकवलं होतं, दुसऱ्यांदा शिकवायला तिची काही हरकत नव्हती. भांडं दाखवायची, नाव सांगायची. माझ्या पोराला आणि मला एकाच वेळी शिकवायची, आणि पोरगं माझ्यापुढे जायचं. मी मास्तर असून पाठ चुकतो याचा तिला काय आनंद व्हायचा.

असे आठ-दहा दिवस गेले आणि एका सकाळी शेळीने माझी वही खाल्ली. मी उठलो आणि तिला शिवी हासडली. अस्सल गोरबोलीतली, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी. इथे ती लिहिता येत नाही. चुलीपाशी याडी थांबली, कमल थांबली, मीही थांबलो. मग याडी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिने ती शिवी मला पुन्हा म्हणायला लावली आणि शेजारणीला बोलावून पुन्हा एकदा.

पुढे शब्द येत गेले, एकदम पाच, मग दोन दिवस काहीच नाही. आधी ऐकलेलं कळू लागलं, बोलणं मागून आलं. आजही एखादा शब्द अडतो. माझ्यासारखी तपासणी ज्यांची व्हायची असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. घरात जी बोली बोलता ती डॉक्टरांना आधी सांगा, ती येणारं माणूस सोबत न्या, आणि डाय दिल्यावर त्या माणसाला तुमच्याशी बोलू द्या. ऑपरेशनच्या वेळी मी तसंच केलं. आणि घरच्यांनी, माणूस भलतं वागला तर आधी आजारावर संशय घ्यावा, त्याच्यावर नंतर. माझ्या याडीला तसं करता आलं नाही, त्याला कारण मीच होतो.

चुलीपाशी

शाळेत रुजू व्हायला चार दिवस राहिले होते. संध्याकाळी याडी चुलीपाशी भाकरी थापत होती, मी पाटावर बसलो होतो. तोवर बरंचसं बोलता येऊ लागलं होतं. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, त्या दिवशी पुसदच्या शाळेत मी आले होते, हा आजार तेव्हापासूनच होता का?

कमल दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला दिसलं की याडी थापायची थांबली आहे. तिला ‘हो’ हवं होतं. तीन वर्षं ती जे घेऊन जगली ते टाकून द्यायला तिला एक कारण हवं होतं आणि ते तिने स्वतःच शोधून माझ्या हातात ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. डॉक्टरही ते खोडून काढू शकले नसते.

आणि मला ते हवं होतं. खोटं का बोलू, फार हवं होतं.

पण महिनाभर ती माझ्याजवळ बसून एकेक शब्द परत आणत होती. त्याच शब्दांनी तिला फसवायचं माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणालो, नव्हता. आमच्या बोलीत, अडखळत, दोन ठिकाणी शब्द चुकवत म्हणालो. तेव्हा मी धडधाकट होतो, तू जे बोललीस ते सगळं मला कळलं होतं. किती वाळलास म्हणालीस. मला लोकांची लाज वाटली, तुझी लाज वाटली. तो आजार नव्हता याडी, तो मी होतो.

तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला, उलटली, काठ काठ दाबून भाजली. ती फुगली, तिने उतरवली. मी वाट बघत होतो, आणि ऑपरेशनच्या टेबलावरही मी पुढे इतकी वाट पाहिली नाही.

“मराठीत सांगितलं असतंस,” ती गोरबोलीत म्हणाली, “तर मी उठून गेले असते.”

मग तिने ती भाकरी माझ्या ताटात टाकली, माझा शब्द जिथे चुकला होता तो दुरुस्त करून सांगितला, आणि मला तेच सगळं पुन्हा एकदा, पहिल्यापासून म्हणायला लावलं.